माशी फुकट

पूल झाला त्या वर्षापासून
माझ्या होडीत एकच उतारू,
आणि त्याला पलीकडे जायचं नसतं.

इनास शिंपी. चर्चच्या वळणावर दुकान.
नवरात्र सरलं, भात घरात आलं,
खाडीचं पाणी दुधाच्या चहाचं कोऱ्या चहाचं झालं
आणि मग एके दिवशी तळ दिसला,
की तो फळीवर खडूनं लिहितो: चारनंतर बंद.
दिवाळी तोंडावर. बायका ब्लाउजांसाठी शिव्या घालतात.

मशीनच्या खणात, बॉबिनांशेजारी,
खोकल्याच्या गोळ्यांचा डबा. त्यात माश्या.
रविवारी कापलेल्या कोंबड्याच्या मानेची पिसं
गळाभोवती दोऱ्यानं आवळलेली,
पोटाला जरीची एक तार.
कुणाच्या शालूची, तेही सांगतो:
ही गिरपांच्या धाकटीची, ही डॉक्टरीणबाईंची.
गावातल्या निम्म्या लग्नांनी
एकदा तरी जिताड्याला हुलकावणी दिलीय.

काठी भावानं बोटीवरून आणलेली,
मोडून तीन तुकडे झालेली.
जोडांवर पितळी अंगुस्तानं.

जिवंत कोळंबी लावून गरवणारे पुलावरून ओरडतात,
"ओ टेलर, माशी जिलबेर बसता, गळार नाय!"
तो मला म्हणतो, "वल्ही उचल. सावली खंय पडता बघ."
मग दोरी मागे. मी डोकं खाली.
थांबतो,
कात्री चालवण्याआधी कापडावर थांबतो तेवढंच,
आणि पुढे.
कांदळाच्या मुळांशी, वीतभर मोकळ्या पाण्यावर
माशी टेकते.

चाळीस वर्षं मी ह्या पाण्यावरून माणसं नेली.
बाळंतिणी, बोकड, एकदा भजनाची पेटी.
पाण्यात काय आहे ते बघितलं नव्हतं.
पलीकडची एसटी गाठायची असायची.

गेल्या अष्टमीला, भांगाच्या मंद भरतीत,
हिरव्या दोऱ्याची माशी लावली होती.
तो दोरा माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या ब्लाउजाचा.
तिनं तो पुन्हा घातला नाही,
मी विचारलं नाही.

पाणी फुटलं. काठी कमान.
जिताडा सरळ निघाला जुन्या तरीच्या धक्क्याकडे
जिथं माझा खांब अजून उभा आहे, अंगभर कालवं चढून.
एक वेढा.
कालवाची धार वस्तऱ्याला भारी.
दोरी हलकी होऊन परत आली.

इनास काही बोलला नाही. मीच म्हटलं,
"माझो खांब."
त्यानं तिन्ही अंगुस्तानं पुसली, एकेक.

तिसऱ्या दिवशी बाजारात, शेवंती कुबलच्या पाटीत,
हातभर जिताडा.
ओठाच्या कोपऱ्यात हिरवा दोरा, जर तशीच लकाकत.
इनास उकिडवा बसला.
मासा बघेना, टाका बघत राहिला.
"एवढी माशी कितक्याक?"
शेवंतीनं बर्फ बाजूला केला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"मासो नऊशे. माशी फुकट.
पण मासो घेतल्याशिवाय माशी नाय."
त्याच्या खिशात सहाशे ऐंशी.
उरलेले मी घातले.

मासा तीन घरांत गेला. माशी त्याच्या टोपीला.
रात्री कालवण वाढताना मुलगी म्हणाली,
"टेलराच्या टोपयेक वळखीचो रंग दिसलो."
मी म्हटलं, कोंबडा असात.
ती हसली. कशाला, ते कळलं नाही.

आज पुन्हा भांग.
सकाळी जाऊन खांबावरची कालवं मी खरवडून आलोय,
एका बाजूची.
दुसरीकडची ठेवलीत. जिताड्याचंही काही असतं.

चार वाजले. इनास पायरीवर उभा,
डबा खिशात खुळखुळतोय.
"येतंस?" विचारतो,
जणू मला दुसरीकडे कुठे जायचं असतं.