पावती पुस्तक

संकेश्वरात, मगदुमांच्या अडतीवर
चाळीस वर्षं मी मिरचीच्या पावत्या फाडतोय.
रवळू कणगलेकर मला माहीत आहे तो असा,
निळ्या कार्बनखाली.

पहिली पावती दीड पोत्याची,
पुण्याला, कुठल्याशा मेसच्या नावावर.
खाली सही त्याची. मालक म्हणून नव्हे,
हमालीचे सात रुपये बाकी होते म्हणून.
पुढं मुंबई. दहा दहा पोती, पंचतारांकित.
ट्रक रात्री निपाणीकडं वळला
की शेठ सगळ्यांना भजी सांगायचे.

मग तो परदेशी गेला.
पावतीवरच्या रवळूचा रावल झाला
आणि माल उतरत गेला,
एक पोतं, दहा किलो, दोन.
धंदा बसला बिचाऱ्याचा, आम्ही म्हणालो.

तेवढ्यात पेपरात फोटो.
कन्नड पेपरात पहिल्या पानावर, मराठीत आतल्या,
दोघांनीही ‘आपला’ लिहिलेलं.
पांढरा कोट, परातीएवढी बशी,
बशीच्या मधोमध
टिकलीएवढं काहीतरी लाल.

शेवटची मागणी पावशेर.
देठासकट, एकसारख्या लांबीच्या,
सुरकुती चालेल, डाग नको.
सोयरिकीला बसल्यासारखा
दुपारभर एकेक निवडत बसलो.
पार्सलचा खर्च मिरचीच्या नऊपट.

परवा तो स्वतःच आला.
हॉटेल विकलं म्हणाला,
जुनी सायकल विकली म्हणावं तसं.
आणि उंबऱ्यातच शिंकला. सात वेळा.
हमाल हसले. या गावचा माणूस
मिरचीला शिंकतो होय!
‘नीर कोडरी यांना,’ कुणीतरी ओरडलं.

पाणी पिऊन तो गादीवर टेकला.
जेवायची वेळ. मी डबा सोडला,
भाकरी, झुणका, फोडलेला कांदा.
त्याच्या हातचं मी कधी खाल्लेलं नाही.
विचारायचं होतं,
त्या टिकलीची चव कसली असते.
विचारलं नाही. अर्धी भाकरी पुढं केली.

बोटं चाटूनपुसून खाल्ली त्यानं,
मग म्हणाला, ‘झुणक्यात मीठ जरा कमी.’

जाताना पाच किलो घेतली,
आईच्या वर्षाच्या तिखटाला.
भावात घासाघीस केली, दहा रुपये सोडवले.
पावतीवर नाव
मी न विचारताच लिहिलं.

रात्री घरी सांगितलं,
जगभर गाजलेला माणूस, आणि असं म्हणाला.
ती डबा घासत होती.
‘तुमचं बीपी
त्याला काय ठाऊक,’ म्हणाली.