नऊ नंबर, कुपवाड

सतरा पिंजरे. माणसं दोन,
त्यातला इलाही तापानं घरी.
फिनेलनं बोटांची सालं निघालीत,
हातमोजे मागितले तर मालक म्हणाले,
दिवाळीनंतर बघू.

नऊ नंबरचा लॅब्रॅडॉर तीन दिवस जेवला नाही.
घरच्यांनी मागं ठेवलाय एक मळका शर्ट,
वासासाठी.
ते केरळात. रोज फोटो मागतात,
मी भरलं ताट पुढं सरकवून काढते.

रात्री एमआयडीसीच्या गेटवर माळ लागली.
सगळे भुंकले. हा नाही.
नुसता लटलटत होता.
पिंजऱ्यात शिरले, जाळीतून हात घालून कडी लावली
— नियमात बसत नाही —
आणि शर्ट दोघांच्या अंगावर घेतला.

पहाटे त्यानं माझ्या हातावरचा भात खाल्ला,
फिनेलच्या वासासकट.
रजिस्टरात लिहिलं: नऊ नंबर, जेवला.
वेळ लिहायची राहिली.