अर्धा ग्रॅम

विजयदुर्गात, जेटीच्या वरच्या अंगाला
खवळ्यांचं बंद पडलेलं दुकान.
फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात तांदूळ, तांदळात पुरलेली
बबलगमची एकेचाळीस पाकिटं.
दर पाकिटात एक क्रिकेटपटू, सत्त्याऐंशी सालचा,
अजून कुणी तोंड न पाहिलेला.

माझा धंदा हा: न उघडता सांगणं.
भिंग, सोनाराचा काटा, हातात सुती मोजे.
मोजे इथे पाच मिनिटांत ओले होतात.
खाऱ्या हवेला कुलूप ठाऊक नाही,
चांदीच्या कागदाला ती टाचणीएवढी भोकं पाडत जाते
आणि आतला गोडवा मुंग्यांना फितूर होतो.

ही मात्र वाचली. तांदळाने वाचवली.
मी आकडे लिहीत गेलो: सात. सात. साडेआठ.
साडेआठला हेमलताबाई म्हणाल्या,
"आमच्या शाळेत इतके कुणाक मिळाक नाय."

तेविसावं पाकीट.
घडी बरोबर, छपाई बरोबर,
फक्त मागची शिवण कसरीने कुरतडलेली,
एका रेषेत, पंगत बसावी तशी.
कारखान्याचा गोंद कसर खात नाही.
कसर खळ खाते. भाताची.

भिंग खाली ठेवलं. हे सांगायला
मला अजून बरा शब्द सापडलेला नाही.
"हे फोडून परत चिकटवलंय."

त्या बाहेर बघत होत्या.
खाडीत एक होडी मशीन बंद करून नुसती वाहत होती.
"मीच फोडलंय ता. नववीत होतंय.
बापाशीन बघल्यान असता तर सोलून काढल्यान असता."
"चित्र काढून घेतलंत?"
"घेतलंय. मगे आत कायतरी घातलंय."
"काय?"
"आता आठवणा नाय."
आणि पदराने बरणी पुसली. बरणी स्वच्छ होती.

काट्यावर ठेवलं. बाकीच्यांहून अर्धा ग्रॅम जास्त.
चित्र गेलेलं, तरी जास्त.
पुन्हा ठेवलं. पंखा बंद करून ठेवलं.

रकान्यात लिहिलं: अपात्र.
चाळीस पाकिटं प्लास्टिकच्या पेट्यांत जातील,
शिक्का, क्रमांक. मग पुण्याचा कुणी घेईल
आणि तोही उघडणार नाही.

अपात्र ते त्यांनी उचललं,
कानाशी हलवलं, वास घेतला
आणि तांदळात परत पुरलं,
जरा खोल.

एसटी पडेलच्या चढाला लागली
तेव्हा माझ्या बोटांना अजून तांदळाची भुकटी होती.
बाईंना आठवत होतं, पैजेवर सांगतो.
पण हे भिंगातून दिसलेलं नाही,
त्याला रकाना नाही.