डावा बूट

काळ्या कुत्र्यात काळा रंग घालू नये
हे कळायला मला अकरा कुत्री लागली.
निळा घ्यावा, त्यात जळका तपकिरी,
पाठीवर जिथे आभाळ सांडतं तिथे
ओल्या पाटीसारखा जांभळट राखाडी.
डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी,
श्वास रोखून, एकदाच.
दुसऱ्यांदा कुंचला टेकवला
की कुत्रं खोटं बोलायला लागतं.

कुत्री बसत नाहीत.
गेथिनच्या फ्लायने तर पहिल्याच दिवशी
पोट जमिनीला घासत, नजर न हलवता,
मला, माझ्या ईझलला आणि दोन कोंबड्यांना
हाकत हाकत गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं
आणि मालकाकडे पाहिलं : आणखी कुणी राहिलंय?
त्या चित्रात तिची जीभ बाहेर आहे.
गेथिन म्हणाला, हसतेय.
मी काही बोलले नाही. हसत होती खरी.

कुत्री मी रंगवते हिवाळ्यातल्या कोळशासाठी.
डोंगर माझ्यासाठी.
दर ऑगस्टात चॅपलच्या हॉलमध्ये डोंगर टांगते,
लोक चहाचे कप घेऊन पुढ्यात थांबतात,
बोट लावून विचारतात, ही दगडी गडग आमचीच ना?
इथे खचलीय. कधी खचली?
आणि कप तसाच ठेवून गडग बघायला निघून जातात.
विकत कोण घेणार?
डोंगर त्यांना खिडकीतून फुकट मिळतो,
मेंढ्यांसकट.

ओल्वेन प्रॉसर आली ती नोव्हेंबरात,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो घेऊन.
मॉट. मेलेला. चौदा वर्षांचा होऊन.
फोटो हललेला, एक कान धुक्यात,
आणि डाव्या कडेला कुणाचा तरी बूट
घोट्यापर्यंत, चिखलाने लडबडलेला, नाडी सुटलेली.

कान मी अंदाजाने काढला.
छातीवरचा पांढरा जमला.
बूट अर्थातच गाळला,
तिथे गवत घातलं, चांगलं दाट, जूनमधलं.

ती बराच वेळ बघत बसली.
कान बरोबर आहे, म्हणाली.
पैसे मोजले, दोनदा.
कोटाची बटणं लावली, दारापर्यंत गेली
आणि पाठमोरीच म्हणाली,
बूट कुठे गेला?

एम्लिनला कॅमेऱ्याचं वावडं होतं.
कॅमेरा दिसला की हा मेंढ्यांच्या मागे.
लग्नातसुद्धा मान वळवलेली.
घरात त्याचा
एवढाच फोटो आहे.

मग मी गवत खरवडलं.

आजवरच्या कुठल्याही कुत्र्यापेक्षा
त्या बुटाने जास्त दिवस खाल्ले.
टाचेची झीज बाहेरच्या बाजूला :
म्हणजे उतारावर तिरका चालणारा माणूस.
चामड्यात भेगा, भेगांत मेंढीची चरबी,
नाडीऐवजी गवताच्या गठ्ठ्याची निळी दोरी,
हे भिंगातून दिसलं, आधी दिसलंच नव्हतं.
सगळं झालं आणि मी कुंचला हातात धरून थांबले.
बुटाला डोळा नसतो.
शेवटचा ठिपका द्यायचा कुठे?

दिला शेवटी, दोरी ओवायच्या
वरच्या पितळी कड्यावर. एकदाच.

तेव्हा कुठे कळलं
मॉट इतके दिवस चौकटीबाहेर,
वर, कुणाच्या तोंडाकडे बघत होता ते.
मी त्या नजरेला उगीच म्हातारपण समजले होते.

परवा ओल्वेनकडे अंडी आणायला गेले.
चुलीवरच्या भिंतीवर चित्र नव्हतं.
दिवाणखान्यात नव्हतं.
विचारावं की नको, असं करत निघाले,
आणि मागच्या दारात बूट चढवायला वाकले,
तर तिथे होतं,
जमिनीपासून वीतभर उंच,
छत्र्या आणि चिखलाच्या रांगेशेजारी.

खिळा जरा तिरका होता.
मी तो तसाच राहू दिला.