दोन जुलैची सुरमई

मालीमच्या जेटीवर, सोसायटीच्या खोलीत,
बर्फाच्या यंत्राच्या घरघरीला टेकून माझं टेबल.
जुन्या डेटाबेसमधून एक्सेलमध्ये
एक ऑगस्ट ते एकतीस मे एवढंच आणायचं;
मधले दोन महिने बंदीचे,
ट्रॉलर दोरांना बांधलेले, जाळी उसवलेली.

तर गाळणीत अडकली
एकशे दहा किलो सुरमई, दोन जुलैची.
ऑडिटरने चष्मा कपाळावर नेला.
"बंदीत कोण गेलं होतं?"
कोणी नाही हो, ती सात फेब्रुवारी आहे.
यंत्राने महिना आधी वाचला, दिवस मागून,
आणि बिचाऱ्या रुझारला चोर ठरवलं.

तारखा सरळ करून पुन्हा मागवल्या.
ओळी आल्या चारशे बारा.
वहीत चारशे सोळा.

उरलेल्या चार मिंगेलबाबच्या हातच्या.
तारखेच्या रकान्यात त्याने लिहिलंय,
"गोंयच्या सायबाच्या फेस्ताचा दुसरा दिवस"
(हे सोपं, चार डिसेंबर),
"चवथीच्या आदल्या दिवशी, घाईत"
(त्यासाठी जुनं कॅलेंडर शोधलं),
"आमच्या लुर्दिनाचं लग्न"
(फोन केला, लुर्दिना हसत सुटली).
आणि शेवटची:
"वारा सुटला ती रात्र. बांगडा, साठ किलो."

जेटीवर विचारत फिरलो.
ती रात्र सगळ्यांना पाठ:
कुणाची होडी फुटली, कुणी कुणाला केसांना धरून ओढलं,
कुठल्या घरात पहाटेपर्यंत कंदील होता.
तारीख मात्र तिघांनी तीन सांगितल्या.

संध्याकाळ झाली. साठ किलो बांगडा
अजून गाळणीबाहेर उभा आहे.
त्याच्यावर थोडा बर्फ टाकून यावं, असं वाटतंय.