अनोळखी उपकरण

पोर्ट टॅलबटला जानेवारीत
चार वाजताच दिवे लागतात.
ग्लेनिसने दार उघडलं तेव्हा
हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर नवऱ्याचा चष्मा.
"तू एक्स-रे काढतेस ना?
मग हेही जमेल तुला."

हे म्हणजे एम्रिसची पेटी.
पोलाद कारखान्यातला पत्रा घरी आणून
कापलेली, वाकवलेली, रिवेट ठोकलेली.
अठरा किलो. मी न्हाणीघरातल्या काट्यावर तोलली.
आत मदरबोर्ड, ज्याची कंपनी बुडाली,
बंद पडलेल्या बेटिंगच्या दुकानातलं ग्राफिक्स कार्ड,
आणि पंखा बहुधा फ्रीजचा.
सुरू केली की घरघर.
आमच्या भाषेत घरघर लागणं म्हणजे काय
ते मी ग्लेनिसला सांगितलं नाही.

नवी सिस्टिम पेनड्राइव्हवरून वर आली,
आत डोकावली
आणि फार सभ्यपणे म्हणाली,
हे यंत्र आमच्या यादीत नाही.

पुन्हा. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी
धावत सुटल्या आणि मध्येच थबकल्या,
निरोप विसरलेल्या पोरासारख्या.
नमनालाच घडाभर तेल गेलं
आणि ग्लेनिसची अर्धी बिस्किटं.

झाकण काढलं. आत सगळीकडे
एम्रिसच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या :
"ही वायर नाही."
"हीसुद्धा नाही."
आणि एका पिवळ्या जंपरवर :
"हात लावू नकोस. मी लावला होता."

तिथे हात न लावता मी बायोसमध्ये शिरले,
दुसरी नेटवर्क चिप झोपवली,
आणि यंत्राला दुसऱ्याच एका मॉडेलचं
नाव दिलं. तीन ओळींचं खोटं.
त्यावर सिस्टिमने लगेच विश्वास ठेवला.
हॉस्पिटलात वत्सलाचं व्हॅट झालं
तेव्हा मीही हसून ओ दिलीच होती.

मध्यरात्री निळा पडदा उजळला.
ग्लेनिस खुर्चीतच झोपली होती,
तिला उठवलं नाही.

मग आवाज. आवाज फक्त डावीकडून.
ड्रायव्हर बदलला, जुना आणला,
त्याहून जुना आणला,
ड्युटीवर फुप्फुसांचे फोटो काढता काढता
डोक्यात एकच, उजवा चॅनल.
दोन रात्री मी साप समजून भुई धोपटत होते.

तिसऱ्या दिवशी ग्लेनिस चहा ठेवता ठेवता म्हणाली,
"उजव्या कानाने त्याला ऐकू यायचंच नाही.
भट्टीने खाल्ला तो, ऐंशी साली."

झाकण पुन्हा काढलं.
तळाशी उजवी वायर होती,
नीट गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली,
आणि तिच्यावर एकच शब्द : "नको."

मी तिच्याकडे पाहिलं.
म्हटलं, राहू द्यायची का अशीच?
ती चिकटपट्टी वाचत होती,
चष्मा कपाळावरून नाकावर आणून.
"जोड," ती म्हणाली.
"माझे दोन्ही शाबूत आहेत."

डाग देताना कथील वितळलं,
धुराची बारीक रेघ उठली,
तो तिखट वास खोलीभर पसरला.
मी खोकले.
ग्लेनिसने खिडकी उघडली नाही.