दुसरी येईपर्यंत

होक्काइदोत, माझ्या माहेरी, अस्वलं होती.
अस्वल निदान दिसतं. आलं की गावचा भोंगा वाजतो.
इथे शिकोकूच्या डोंगरात, लग्नानंतरच्या जूनमध्ये
मिठाचा दगड झाला, बुटांना हिरवी लव फुटली,
आणि एका रात्री छतावरून तातामीवर काही पडलं:
पट्.
ओल्या दोरीचा तुकडा पडावा, एवढाच आवाज.

सासूबाईंचा हात दिव्याच्या आधी चिमट्याकडे जातो.
किनुए त्यांचं नाव. घरात चिमटे चार:
न्हाणीत, चुलीपाशी, उशाशी,
आणि एक सासऱ्यांच्या तसबिरीमागे, ज्याविषयी बोलायचं नाही.
"मानेशी धर. मधे धरलीस तर वळून चावते.
चपलेनं मारू नकोस, अर्धी मेलेली जास्त पळते."
मग बादलीत उकळतं पाणी, आणि थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही.
दोन पाय तुटून तातामीवर राहिले होते.
ती लंगडली नव्हती, मी पाहिलं.

माकिओनं भिंतीलगत पांढरी पूड ओढली,
सडकी लाकडं हलवली, पन्हाळीतली पानं उपसली,
रविवारभर फटींत सिलिकॉन भरत बसला.
पण या घराला फटी आहेत असं म्हणणं चूक आहे.
फटींनाच थोडंसं घर आहे.

"एक मारली की दुसरी येते. जोडीनं असतात."
"पुस्तकात असं काही नाही, आई."
"पुस्तकाला चावली नसेल अजून."

वाणींचं तसं नाही.
त्या सकाळी पायरीवर सांडलेल्या असतात,
काडी लावली की पैशासारख्या गोल.
एकदा मी त्रेचाळीस मोजल्या, सुपलीत भरल्या
आणि बांधापलीकडे ओतल्या.
"पानं खातात बिचाऱ्या, माती करतात," सासूबाई म्हणाल्या.
"फक्त हातात घेऊ नकोस."
मी घेतली होती. दिवसभर बोटं पिवळी,
आणि जेवताना औषधासारखा वास.

माकिओ बोटीवर होता तेव्हा त्यांना चावली.
धुतलेल्या टॉवेलच्या घडीत होती.
मी मनगट धरून नळाखाली नेलं, सोसवेल तितकं गरम पाणी.
इतक्या महिन्यांत त्यांचा हात पहिल्यांदा माझ्या हातात,
तोही सुजत चाललेला.
त्या ओरडल्या नाहीत. गावातली घरं म्हणू लागल्या,
डोंगरावरून खाली, एकेक:
वरचं पाणवठ्याचं, तांबड्या कौलांचं, गवंड्याचं, जुळ्यांचं…
सतरा घरं. दिवा लागतो पाचांत.
खालपर्यंत आल्या की पुन्हा वरून सुरू.

मग त्यांनी ती बाटली काढायला सांगितली.
तिळाचं तेल, काळं झालेलं, तळाशी वेटोळं घालून एक घोण,
चिठ्ठीवर सासऱ्यांचं अक्षर: शोवा बासष्ट, न्हाणीघर.
बूच उघडलं आणि मी तोंड फिरवलं.
"चाळीस वर्षं होत आली," त्या तेल चोळत म्हणाल्या,
"वास काही केल्या मरत नाही."
तेलाचा, की माणसाचा, विचारलं नाही.

मारलेली बादलीत होती. आता दुसरीची वाट.
दोघी भिंतीपासून हातभर सरकून,
मधे विजेरी, मांडीवर चिमटे, डोळे छताला.
त्यात खरी गोम अशी, की ती यायला हवी होती मला,
आणि लवकर नको होती.
तिच्याविना कुठल्या निमित्तानं बसलो असतो आम्ही
पहाटे तीनपर्यंत, भाताचं थंड पाणी पीत,
मी होक्काइदोच्या बर्फाविषयी सांगत,
त्या मधेच "अं?" म्हणत, अर्धवट झोपेत?

आली नाही.
ऑगस्टात माकिओच्या बुटात निघाली एक,
ती हीच दुसरी की कुठली तिसरी, कोण सांगणार.
माझा हात चिमट्याकडे गेला.
दिवा नंतर लावला.